फिलिप्पैच्या बंदिशाळेतील सकाळ

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१९-४०



फिलिप्पै येथील बंदिशाळेची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये पुष्कळदा शिकवतो. मध्यरात्रीची स्तोत्रे, भूकंप, नायकाचा बाप्तिस्मा, आणि तेथेच बहुधा धडा संपतो. अध्याय मात्र पुढे चालू आहे. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांच्या हाती निरोप पाठवला की, त्या माणसांना सोडून द्या. पौलाने जाण्याचे नाकारले. चौकशी न करता लोकांदेखत छड्या मारल्या, आणि आता गुपचूप वाटेला लावता काय? ज्यांनी हुकूम दिला त्यांनीच यावे, असे त्याने कळवले.

पौलाला सूड नको होता. त्याने पैसाही मागितला नाही. पण त्याच नगरात लुदियेच्या घरी नवी मंडळी उभी राहत होती. अपराध्यांचे अनुयायी म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाऊ नये, यासाठी सत्य उघडपणे कबूल होणे अगत्याचे होते.

आमच्या हैदराबादेत १८ मे २००७ रोजी मक्का मशिदीत बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर अनेक मुसलमान तरुणांना धरण्यात आले. कोठडीत छळ झाला, विजेचे झटके दिले, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पुढे न्यायालयांतून तरुण निर्दोष सुटले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या शिफारशीनंतर राज्य सरकारने ७० जणांना भरपाई दिली. काहींना ३ लाख, इतरांना २० हजार रुपये. परंतु २०१३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो सरकारी आदेश रद्द केला. केवळ निर्दोष सुटल्याने भरपाईचा हक्क उत्पन्न होत नाही, असा निर्णय झाला. वाद सुटकेचा झाला. कोठडीतल्या माराचा हिशेब मागेच राहिला.

आपल्या देशाचा न्याय या बाबतीत मुका नाही. ओरिसातील २२ वर्षांच्या एका तरुणाला डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी नेले. दुसऱ्या दिवशी रेल्वेमार्गावर त्याचे प्रेत सापडले. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९९३ साली न्यायालयाने तिला दीड लाख रुपये देवविले आणि ठरवले की, जगण्याचा मूलभूत हक्क मोडला गेला असता सरकारला आपल्या सार्वभौम सत्तेची ढाल पुढे करता येणार नाही. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले : अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही, नातलगाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. पण त्याला अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही.

कोणी म्हणेल, अधिकार देवाने नेमलेले आहेत, आपण या भानगडीत का पडावे? रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ही शिकवण देणारा पौलच फिलिप्पैत अधिकाऱ्यांना जाब विचारतो. अधिकार देवाचा आहे, म्हणूनच त्याचा हिशेब द्यावा लागतो. मोशेच्या नियमशास्त्रातही ज्याने मारले त्याने जखमी माणसाच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करावी व त्याला पुरते बरे करवावे, असे सांगितले आहे (निर्गम २१:१८-१९). ते दान नव्हे, देणे आहे.

या अध्यायातील नायकाकडेही आपण पाहू. तोही सरकारचाच चाकर. त्याच रात्री, त्याच घटकेस त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. वरून हुकूम येण्याची वाट पाहिली नाही. पश्चात्ताप हातांनी दिसतो तो असा.

मार खाल्लेला मनुष्य आपल्या गल्लीत परत येतो तेव्हा तो कोणत्या धर्माचा हे न विचारता त्याच्या दारी जावे, त्याला डॉक्टरकडे व वकिलाकडे न्यावे, आणि साक्ष द्यायची वेळ आली तर मागे सरू नये. संडेस्कूलच्या शिक्षकांनी पुढच्या खेपेस हा धडा चौतिसाव्या वचनावर थांबवू नये, चाळिसाव्यापर्यंत न्यावा. मुलांना कळू द्या की, बंदिशाळेची दारे देवाने उघडली, तरी अधिकाऱ्यांना स्वतः येऊन विनवणी करावी लागली.

ज्या प्रभूने शिपायांचे फटके निरपराध असता सोसले, तो आपणांस धैर्य देवो. आमेन.