माळ्यावरच्या वस्तू आणि नचिकेताचा प्रश्न

॥ श्री गुरवे नमः ॥



दिवाळीत माळा उतरवला की दरवर्षी तोच प्रश्न: हे सगळं आता द्यायचं कुणाला? आमच्या बडोद्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया अजून दारावर येतात. चार साड्यांवर एक स्टीलचा डबा, त्यातही घासाघीस आपलीच जास्त.

गेल्या वर्षी आम्ही सेवेकरी भगिनींनी ठरवलं, विकायचं काही नाही, सगळं वस्तीत दान करायचं. गाठोडी बांधून पोचवली. महिन्याभराने तिथलीच एक ताई म्हणाली, "बेन, निम्मे तर फरशी पुसायलाच लागले." आधी आम्हाला रागच आला! दोन दिवस टिकला.

मग कठोपनिषदातली गोष्ट आठवली. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायचं म्हणून गाई दिल्या, त्या कशा? दूध आटलेल्या, गवत खायचंही त्राण नसलेल्या. ते बघून नचिकेताने वडिलांना विचारलं, मला कुणाला देणार? आपण ही गोष्ट यमाच्या संवादासाठी वाचतो. पण ती सुरू होते ती नकोशा वस्तूच्या दानापासून.

म्हणून यंदा चांगल्या साड्या कमिशनवर विकणाऱ्या एका दुकानात ठेवल्या. वस्तू आपली, जागा त्यांची. विकली गेली की दुकान आपला हिस्सा ठेवून उरलेले पैसे देतं, नाही गेली तर आपण परत न्यायची. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंची इरकल होती. दुकानातल्या बाईंनी घडी पूर्ण उलगडली, उजेडात धरली. पदराजवळ विरलेली. आम्हाला ते माहीत होतं आणि आम्ही बोललो नव्हतो. वस्तीत कुणी घडी उलगडून बघितली नव्हती, कारण तिथे आम्ही दाते होतो. इथे विकणारे झालो, तेव्हा कुठे खरं सांगावं लागलं.

बरं, साडी विकली जाईपर्यंत मालकी आपलीच, त्यामुळे मनही तिथेच टांगलेलं. दर गुरुवारी आरतीहून येताना "गेली का?" म्हणून डोकवायचं. गेली नाही की वाईट वाटायचं, आणि गेली तरी वाईटच!

विकलेल्या साड्यांचे पैसे अन्नदानात जमा केले, हिशेब चोख आहे. पण एक गोष्ट बोचते. वीस वर्षं घरात काम करणाऱ्या बाईंना यातली एखादी हवी आहे का, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. फाटके कपडे मात्र न विचारता त्यांच्या पिशवीत घालत आलो.

इरकलीच्या चिठ्ठीवर आता "पदराजवळ विरलेली" असं लिहून किंमत निम्मी केली आहे. दोन चांगल्या साड्या अजून दुकानात आहेत. त्या या गुरुवारी परत आणणार आहोत. आधी बाईंना उलगडून दाखवू, मग पुढचं बघू.