एक जिंकलेले मतदान, एक हरलेले मतदान

6 जुलै 2005 रोजी स्ट्रासबुर्ग इथे युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटविषयीचा मसुदा 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला. पाच महिन्यांनी, 14 डिसेंबरला, त्याच सभागृहाने दुसऱ्या एका मसुद्याला 378 विरुद्ध 197 मतांनी होकार दिला. टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाच्या संपर्काच्या नोंदी, म्हणजे कोणी कोणाला, केव्हा आणि कुठून फोन केला किंवा मेल पाठवली हा तपशील, सहा महिने ते दोन वर्षे साठवून ठेवायचा, मग त्या ग्राहकावर कसला संशय असो वा नसो, असा तो कायदा होता. संगणकाच्या जगात नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्यांच्या लेखी पहिला दिवस विजयाचा होता आणि दुसरा पराभवाचा. वीस वर्षे उलटल्यावर हिशेब नेमका उलटा दिसतो. जिंकलेल्या मतदानाने सॉफ्टवेअर पेटंटचा ओघ थांबला नाही. हरलेल्या मतदानातून आलेला कायदा मात्र 2014 मध्ये लक्झेंबर्ग इथल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने सगळाच्या सगळा रद्द केला. एकाच सभागृहाने एकाच वर्षी घेतलेल्या दोन निर्णयांची गत इतकी वेगळी का व्हावी? माझ्या मते त्याचे कारण एका साध्या प्रश्नात आहे: अन्याय झाला असे वाटणाऱ्या सामान्य माणसाला दाद मागायला कोणते ठिकाण होते?

आधी पेटंटचे पाहू. 1973 साली म्युनिकमध्ये युरोपीय पेटंट करार झाला. त्याच्या 52व्या कलमात ज्या गोष्टी शोध म्हणून धरायच्या नाहीत त्यांची यादी आहे. वैज्ञानिक सिद्धान्त, गणिती पद्धती, व्यापार करण्याच्या पद्धती आणि संगणकाचे प्रोग्रॅम ही नावे तिच्यात स्पष्ट आहेत. पण पुढच्याच उपकलमात एक मर्यादा घातली आहे: ही मनाई त्या गोष्टींवर ‘निव्वळ त्या म्हणून’ हक्क सांगितला असेल तेवढ्यापुरतीच. गेल्या चाळीस वर्षांचा वाद या मर्यादेभोवती फिरतो आहे. 1986 मध्ये म्युनिक इथल्या युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने ‘व्हायकॉम’ प्रकरणात ठरवले की प्रतिमेवर प्रक्रिया करणारी पद्धत मुळात गणितावर उभी असली, तरी तिचा परिणाम तांत्रिक असल्यामुळे ती पेटंटला पात्र आहे. 1998 मध्ये आयबीएमच्या प्रकरणात मंडळ आणखी पुढे गेले. प्रोग्रॅम चालताना संगणकात विजेचे प्रवाह हलतात, तो परिणाम नेहमीचाच. त्यापलीकडे काही तांत्रिक परिणाम होत असेल, तर खुद्द प्रोग्रॅमवरही हक्क सांगता येईल, असे मंडळ म्हणाले. 2004 च्या हिताची प्रकरणात तर कागद-पेन घेऊन लिहिण्यातही तांत्रिक स्वरूप असते इथपर्यंत विचार पोचला. परिणामी अर्जात संगणकाचा उल्लेख असला की पहिला अडसर आपोआप ओलांडला जातो. पुढे शोधकतेची दुसरी चाळणी असते. तिच्यात तांत्रिक बाबीच मोजल्या जातात आणि निव्वळ व्यापारी कल्पनांचे बरेच अर्ज तिथे गळतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही कराराने ज्याला सरळ नाही म्हटले होते, त्याचा प्रश्न आता ‘तांत्रिक’ कशाला म्हणायचे यावर येऊन ठेपला आहे, आणि ते कार्यालयाच्या आतच ठरते.

लोकनियुक्त संस्थांनी यात हात घातला नाही असे नाही. नोव्हेंबर 2000 मध्ये म्युनिकच्या राजनैतिक परिषदेत यादीतून संगणक प्रोग्रॅम वगळावेत अशी सूचना आली आणि सदस्य देशांनी ती नाकारली. फेब्रुवारी 2002 मध्ये युरोपीय आयोगाने मसुदा आणला, तो कार्यालयाच्या प्रथेला कायद्याचे रूप देणारा. सप्टेंबर 2003 मध्ये संसदेने त्याचा गाभाच बदलला: माहितीवर प्रक्रिया करणे हे तंत्रज्ञानाचे क्षेत्र धरायचे नाही, आणि दोन प्रणालींना एकमेकींशी बोलता यावे यासाठी पेटंट घेतलेली पद्धत वापरली तर तो भंग मानायचा नाही. मे 2004 मध्ये मंत्री परिषदेने यातले महत्त्वाचे बहुतेक बदल पुसून टाकले. त्यानंतरचे दहा महिने युरोपच्या लोकशाहीला शोभणारे नव्हते. हॉलंडच्या संसदेने आपल्या मंत्र्याला पाठिंबा मागे घ्यायला सांगितले. डिसेंबरमध्ये शेती आणि मासेमारीच्या मंत्र्यांच्या बैठकीत हा विषय चर्चेविना मंजुरीसाठी ठेवला गेला होता, तो पोलंडने ऐन वेळी काढायला लावला. फेब्रुवारी 2005 मध्ये युरोपीय संसदेने सगळी प्रक्रिया नव्याने सुरू करण्याची मागणी केली, आयोगाने ती धुडकावली. मार्चमध्ये डेन्मार्कची हरकत बाजूला सारून परिषदेने मसुदा चर्चेविना पुढे रेटला. जुलैच्या 648 मतांत या वागणुकीचा रागही होता.

पण ती 648 मते एका विचाराची नव्हती, आणि विजयाचे मोल करताना हे विसरून चालत नाही. माजी फ्रेंच पंतप्रधान मिशेल रोकार यांनी संसदेच्या वतीने कडक दुरुस्त्या तयार केल्या होत्या. त्या मंजूर झाल्या तर कार्यालयाची प्रचलित प्रथाच बेकायदा ठरेल अशी धास्ती मोठ्या कंपन्यांना होती, आणि दुरुस्त्यांना पुरेशी मते मिळाली नाहीत तर परिषदेचा मसुदाच कायदा होईल अशी विरोधकांना. दोन्ही बाजूंना ‘काहीच नको’ हा पर्याय त्यातल्या त्यात बरा वाटला. ‘काहीच नको’ म्हणजे जे चालले आहे ते चालू द्या, आणि जे चालले होते ते म्युनिकच्या कार्यालयात. आयोगाने पुन्हा मसुदा आणला नाही. पुढे ब्रिटिश अपील न्यायालयाने 2006 मध्ये कार्यालयाच्या निकालांतल्या विसंगतीवर बोट ठेवले. कार्यालयाच्या अध्यक्षांनी 2008 मध्ये विस्तारित अपील मंडळापुढे प्रश्न मांडले. मे 2010 मध्ये मंडळाने ते दाखल करून घेण्याजोगे नाहीत असे सांगितले, आणि न्यायनिर्णयांतून होणारी वाढ जिथे संपते तिथून पुढे कायदेमंडळाने सूत्रे घ्यावीत असेही म्हटले. कायदेमंडळाने पाच वर्षांपूर्वीच हात टेकले होते. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि दुसऱ्याने पहिल्याकडे, या फेऱ्यात आपल्या खोलीत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कुणाकडे जायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

डिसेंबरच्या मतदानानंतर घडले ते याहून वेगळे. त्यामागे जुनी पुण्याई होती. जर्मनीतल्या हेसे राज्याने 1970 मध्येच जगातला पहिला माहिती संरक्षण कायदा केला होता. 1983 मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेच्या प्रश्नावलीविरुद्ध नागरिक थेट घटनात्मक न्यायालयात गेले. न्यायालयाने आधी जनगणना रोखली आणि त्या वर्षीच्या 15 डिसेंबरला निकाल दिला की स्वतःविषयीच्या माहितीचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येतो. आपली कोणती नोंद कुणाकडे आहे हे ज्याला कळत नाही, तो मोर्चात जायला, संघटनेत सामील व्हायलाही कचरेल, आणि त्यात नुकसान त्या एकट्याचे होत नाही, लोकशाहीचेही होते, असा तो युक्तिवाद होता. एकाधिकारशाहीने नोंदवह्यांचा काय उपयोग केला हे पाहिलेल्या देशाने तो केला, म्हणून मला तो अधिक वजनदार वाटतो. याच वाटेने 34 हजारांहून अधिक जर्मन नागरिकांनी संपर्क-नोंदींच्या कायद्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि मार्च 2010 मध्ये जर्मन न्यायालयाने देशातला तो कायदा रद्दबातल ठरवला. आयर्लंडमधली एक छोटी संस्था आणि ऑस्ट्रियातले अकरा हजारांहून अधिक अर्जदार आपापल्या न्यायालयांतून लक्झेंबर्गला पोचले. 8 एप्रिल 2014 रोजी युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदाच मूलभूत हक्कांच्या सनदेशी विसंगत ठरवला. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियाचा कायद्याचा विद्यार्थी. फेसबुक युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत नेते याविरुद्ध त्याने 2013 मध्ये केलेली तक्रार आयर्लंडच्या नियामकाने निरर्थक म्हणून तपासायलाच नकार दिला. त्याच तक्रारीतून 6 ऑक्टोबर 2015 रोजी युरोप-अमेरिका यांच्यातली माहिती-देवाणीची व्यवस्था कोसळली, आणि जुलै 2020 मध्ये तिच्या जागी आलेली दुसरीही.

फरक इथे दिसतो. खाजगी माहितीच्या बाबतीत हक्क माणसाच्या नावावर लिहिलेला आहे. तो मोडला म्हणणाऱ्याला नियामकाकडे विनामूल्य तक्रार करता येते, नियामकाने हात झटकले तर न्यायालयात जाता येते, आणि ते न्यायालय विशिष्ट धंद्याचे नसून सगळ्या हक्कांचा तोल पाहणारे असते. पेटंटच्या व्यवस्थेत हक्क पेटंटधारकाचा असतो. इतरांचे नाते तिऱ्हाइताचे. म्युनिकचे कार्यालय युरोपीय संघाची संस्थाही नाही. ते 39 देशांच्या कराराने चालते, अर्ज आणि नूतनीकरणाच्या शुल्कावर जगते, आणि राष्ट्रीय नूतनीकरण शुल्कातला निम्मा वाटा त्याला मिळतो. त्याच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या परिषदेत बहुतांशी सदस्य देशांच्या पेटंट कार्यालयांचेच प्रमुख बसतात. यात कुणाची बदनीयत असल्याचे मी म्हणत नाही. पण पेटंट देऊन चालणारी संस्था, तिचे धोरण ठरवणारी तशाच संस्थांची परिषद आणि तिच्याच छत्राखालचे अपील मंडळ अशी रचना असेल, तर ‘तांत्रिक’ या शब्दाची व्याप्ती कोणत्या दिशेला सरकेल हे सांगायला द्वेषबुद्धी लागत नाही.

यावर पहिली हरकत अशी की पेटंट मिळाल्यापासून नऊ महिन्यांत कोणालाही कार्यालयापुढे विरोध नोंदवता येतो. हे खरे आहे, आणि त्यातून वाईट पेटंटे रद्दही होतात. पण तो विरोध त्या एका पेटंटापुरता असतो. ज्या तत्त्वाने ते दिले गेले त्यालाच आव्हान देण्याची सोय त्यात नाही. 1 जून 2023 पासून एकीकृत पेटंट न्यायालय सुरू झाले आहे. तिथे पेटंट रद्द करण्याच्या दाव्याचे शुल्क सुरुवातीला 20 हजार युरो होते, वकिलांचा खर्च वेगळा. शिवाय पेटंटभंग कशाला म्हणायचे याची कलमे 2012 मध्ये संघाच्या नियमातून काढून स्वतंत्र करारात नेली गेली, ती मुख्यतः लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा हात त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणूनच.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे: न्यायाधीश तरी कुठे निवडून आलेले असतात? अपील मंडळावर जो आक्षेप, तोच न्यायालयावर का नाही? माझे उत्तर असे की न्यायालयाने रद्द केलेले कायदेमंडळ पुन्हा करू शकते. जर्मनीने कायदा सुधारून 1987 मध्ये जनगणना घेतलीच. संपर्क-नोंदींबाबतही देशोदेशीची सरकारे नवनवे कायदे घेऊन येत राहिली आणि 2020 मध्ये न्यायालयाने काही मर्यादित साठवणीला वाट करून दिली. ती मला पसंत नाही, पण हे भांडण उघड्यावर, दोन्ही बाजूंना बोलायला जागा ठेवून चालले आहे. म्युनिकच्या मंडळाने लावलेला अर्थ बदलायचा तर पेटंट करारच बदलावा लागतो, आणि त्यासाठी 39 देशांची परिषद भरवावी लागते.

तिसरी हरकत, छोट्या संशोधकाला मोठ्या कंपनीपासून पेटंटच वाचवते. यंत्र किंवा औषधाच्या बाबतीत यात तथ्य आहे. सॉफ्टवेअरला 1991 च्या कायद्यामुळे सगळ्या युरोपीय संघात कॉपीराइटचे संरक्षण आहे, आणि ते नक्कल करणाऱ्याला अडवते. पेटंट मात्र ज्याने काहीही न पाहता स्वतःच्या बुद्धीने तीच रीत शोधली त्यालाही वीस वर्षे अडवते. एका प्रोग्रॅममध्ये अशा शेकडो रीती एकत्र येतात. त्यांतल्या प्रत्येकीचा शोध घेणे फक्त कायदा विभाग पदरी असलेल्या कंपनीला परवडते, तेव्हा लहान माणसाचे संरक्षण हे कारण इथे टिकत नाही.

माहिती संरक्षणाची युरोपीय घडीही आदर्श नाही. 25 मे 2018 पासून लागू झालेल्या नियमाने जागतिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली, पण रोजच्या जगण्यात लोकांच्या वाट्याला प्रत्येक वेबसाइटवर संमतीची चौकट आली, जी कोणी वाचत नाही. फेसबुकची मालक असलेल्या मेटाला 1.2 अब्ज युरोंचा दंड झाला तो मे 2023 मध्ये, श्रेम्सच्या तक्रारीनंतर दहा वर्षांनी. आयर्लंडच्या नियामकाच्या मूळ मसुद्यात तर तो दंड नव्हताच. इतर देशांच्या नियामकांच्या मंडळाने तो लावायला भाग पाडले.  तरी ही उणीव अंमलबजावणीची आहे, आणि ती दाखवून द्यायला तक्रारदाराला कायद्यात उभे राहायला जागा आहे.

आपल्याकडे युरोपच्या पेटंट वादाशी थेट जुळणारी गोष्ट घडली, तीही त्याच महिन्यांत. भारतीय पेटंट कायद्याचे 3(के) कलमही संगणक प्रोग्रॅमला ‘केवळ प्रोग्रॅम म्हणून’ पेटंट नाकारते. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोड असलेल्या सॉफ्टवेअरला त्यातून सूट दिली. मार्च 2005 मध्ये संसदेने ती सूट काढून टाकली. पण 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘तांत्रिक परिणाम’ ही कसोटी ग्राह्य धरली, आणि कोलकात्यात मुख्यालय असलेले आपले पेटंट कार्यालयही हळूहळू म्युनिकच्याच वाटेने चालले आहे. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधीच कोणाही व्यक्तीला विरोध नोंदवता येतो, ही युरोपपेक्षा चांगली सोय. तिचा वापर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या संघटनांनी औषधक्षेत्रातल्या रुग्ण संघटनांइतक्या नेटाने केला पाहिजे. खाजगी माहितीच्या बाबतीत मात्र आपण उलट दिशेने गेलो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कंपन्यांना 250 कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मागण्याचे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले जुने कलम याच कायद्याने रद्द करायला घेतले. शिवाय त्यात नागरिकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे खोटी किंवा निरर्थक तक्रार न करणे, आणि ते मोडले तर 10 हजार रुपयांपर्यंत दंड. श्रेम्सची तक्रार 2013 मध्ये आयर्लंडच्या नियामकाने याच कारणासाठी बाजूला ठेवली होती.