न वापरलेल्या पात्याचे मोल

माणसाच्या हातून घडलेल्या वस्तूवर माणसाने किती जीव लावावा? प्रश्न जुना आहे, आणि आम्ही धर्मगुरू मंडळी त्याचे उत्तर पुष्कळदा घाईने देतो. संचय वाईट, मोह वाईट, कसर आणि जंग यांची आठवण करून दिली की विषय आटोपला. तो इतक्या सहजी आटोपत नाही असे आम्हांला वाटते, आणि म्हणून एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने तो वाचकांपुढे पुन्हा मांडावा असे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे पाते मिटून मुठीत जाणारा, खिशात मावणारा घडीचा चाकू.

जुने, दुर्मीळ चाकू जमविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत बराच रुजलेला आहे. या मंडळींना जंगाची महती रूपकाने समजावून सांगावी लागत नाही. जुन्या सेल्युलॉइडची मूठ कुजू लागली की तिच्यातून निघणाऱ्या वाफांनी शेजारच्या चाकूंची पातीसुद्धा गंजतात, म्हणून असा चाकू ते वेगळ्या पेटीत ठेवतात. त्यांच्या आवडीच्या गावांत फ्रान्समधील तिएर आणि जर्मनीतील झोलिंगेन ही नावे येतातच. परंतु मानाचे पान बहुधा इंग्लंडमधील शेफील्डला मिळते. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या एका कथेतला गिरणीवाला पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचून हिंडतो. चाकू घडविणाऱ्यांचा तेथील संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. प्रत्येक कारागिराची खूण नोंदवून ठेवणे आणि दुसऱ्याने ती चोरू नये यावर नजर ठेवणे, हे त्याचे एक मोठे काम. जोसेफ रॉजर्स या विख्यात पेढीची खूण होती तारा आणि माल्टाचा क्रूस. आपल्याकडील जुन्या घरांच्या एखाद्या खणात ही खूण असलेले पाते अजूनही सापडावे.

आता या वस्तूत एवढे पाहण्यासारखे काय असते? पाते, पाठीमागची पोलादी पट्टी, दोन्ही बाजूंस पितळेचे पातळ पत्रे, त्यांवर शिंगाची किंवा शिंपल्याची मूठ आणि हे सारे एकत्र धरणाऱ्या दोनचार खिळ्या. यंत्र म्हणावे तर एवढेच. परंतु पाठीची पट्टी पाते उघडे असताना, अर्धे उघडे असताना आणि मिटलेले असताना, अशा तिन्ही स्थितींत पितळी पत्र्यांच्या कडेशी तंतोतंत समपातळीत यावी, बोट फिरविले तर कोठे अडखळू नये, ही खऱ्या कारागिराची परीक्षा. पोलादाला पाणी कमी बसले तर धार टिकत नाही, जास्त बसले तर पाते तुटते. एकाच मुठीत तीनचार पाती बसवायची असतील तर प्रत्येक पात्याला किंचितसा बाक द्यावा लागतो, नाहीतर मिटताना ती एकमेकांना घासतात. जाणकार माणूस चाकू आधी डोळ्यांनी पाहत नाही, कानाने ऐकतो: पाते मिटताना होणारा ‘टक्’ असा आवाज स्वच्छ आला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटते.

या समाधानात आम्हांला काही दोषास्पद दिसत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कला म्हणजे वस्तू घडविण्याबाबतचा योग्य विवेक अशी व्याख्या केली आणि पुढे असेही म्हटले की कारागिराची वाखाणणी त्याच्या हेतूमुळे होत नाही, त्याच्या कृतीच्या गुणवत्तेमुळे होते. तापट सुताराचे टेबलही डगमगत नसेल तर ते चांगलेच टेबल. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या अनामिक माणसाने पोलादाशी किती प्रामाणिक व्यवहार केला हे ओळखून आनंदणारा मनुष्य सत्याचाच मान राखीत असतो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाचे जे धडे गिरविले त्यांत वस्तूंकडे नीट पाहण्याचा धडा फारसा नव्हता, ही उणीव पुढे जाणवत राहिली. असो.

अडचण येते ती पुढे. संग्राहकांच्या बाजारात सर्वांत मोलाचा चाकू कोणता? ज्याने कधीही काही कापलेले नाही तो. पात्यावरची मूळ झिलई शाबूत हवी, धार कारखान्यातून आली तशीच हवी. सहाणेवर एकदा घासले की किंमत उतरली. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त दर्यावर्दी गृहस्थांपाशी शेफील्डचे दोन जुने चाकू आहेत. एक त्यांनी परदेशातील बंदरावर घेतला आणि कागदातून क्वचितच बाहेर काढला. दुसरा त्यांच्या वडिलांचा; वर्षानुवर्षे धार लावून त्याचे पाते मूळच्या निम्म्याहून अरुंद झाले आहे, जसे आपल्या स्वयंपाकघरातील जुन्या विळीचे होते. एका व्यापाऱ्याने पहिल्याला भरघोस किंमत सांगितली आणि दुसरा हातात घेऊन तसाच परत ठेवला. “फादर, ह्यांतला चांगला चाकू कोणता?” असे त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही वडिलांचा म्हणालो, पण कारण द्यायला थोडा वेळ लागला.

कारण पुन्हा अक्वायनस यांच्याकडेच सापडते. करवत बनविणारा ती लोखंडाची बनवितो, काचेची बनवीत नाही, असे ते एके ठिकाणी सांगतात. काच अधिक सुंदर खरी, परंतु तेच सौंदर्य कापण्याच्या आड येईल. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी रॉजर्स पेढीने ७५ पाती व अवजारे असलेला ‘नॉरफोक नाईफ’ नावाचा अवाढव्य चाकू घडविला. तो आजही शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे, आणि त्याच्यावरची कारागिरी थक्क करणारी आहे याबद्दल वाद नाही. पण खिशात तो मावत नाही आणि त्याने सफरचंद कापावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. ही आमच्या मते काचेची करवतच होय. कागदात गुंडाळलेल्या चाकूची गोष्ट याहून वेगळी आहे: तो कापू शकतो, त्याला कापू दिले जात नाही एवढेच.

संग्राहकाची बाजूही ऐकली पाहिजे. सर्वांनीच आपले चाकू झिजविले असते तर जुन्या कारागिरांचे कसब आज कशावरून कळले असते? हे म्हणणे रास्त आहे. संग्रहालयासाठी, शिकणाऱ्या हातांसाठी काही नमुने अस्पर्शित राहावेत. परंतु संत अगस्तीन यांनी वापरावयाच्या गोष्टी आणि ज्यांच्यातच विसावावे अशा गोष्टी यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. ‘माझ्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही’ या जाणिवेत ज्याचे मन विसावते त्याला चाकूही खरोखर लागत नसतो. तिकिटे किंवा नाणी असती तरी चालली असती.

आणि एक गोष्ट संग्राहकांच्या नोंदवहीत सहसा सापडत नाही. तीत पेढी, साल, मुठीचे द्रव्य, पात्याची स्थिती असे रकाने असतात. पाते घासणाऱ्याचा रकाना नसतो. शेफील्डमध्ये हे काम फिरत्या सहाणेवर ओणवे बसून करीत. दगडाची व पोलादाची धूळ फुप्फुसांत साचे आणि माणसे खोकून खोकून मरत. फ्रीड्रिख एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात तेथील डॉक्टर नाईट यांचा हवाला देऊन लिहिले आहे की कोरड्या सहाणेवरचे कामगार जेमतेम ३५ वर्षे जगत आणि ओल्या सहाणेवरचे क्वचितच ४५ ओलांडत. खिशातल्या चाकूच्या पात्याला दोन्ही प्रकारची घासणी लागे. धूळ अडविण्याचे उपाय निघाले तेव्हा काही कामगारांनीच ते झिडकारले, कारण माणसे अधिक जगली तर कामाला हात वाढतील आणि मजुरी घसरेल! दारिद्र्य माणसाला कोणता हिशेब करायला लावते ते यावरून दिसते. तिएरमध्ये तर घासणारे कारागीर सहाणेच्या वर फळीवर पालथे पडून काम करीत. नदीकाठची थंडी आणि ओल असह्य होई, म्हणून त्यांचे कुत्रे त्यांच्या पायांवर बसून ऊब देत.

मुठींचेही असेच. हस्तिदंत आफ्रिकेतून येई, आणि रॉजर्सच्या कारखान्यातील दंतांची रास पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत. ज्या खडबडीत शिंगाच्या मुठी संग्राहकांना विशेष प्रिय, त्यांतील पुष्कळशी शिंगे भारतातल्या सांबरांची होती. सांबर दरवर्षी शिंगे टाकतो, म्हणून निदान येथे प्राणी मारावाच लागे असे नव्हते.

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमाचे मोल आधी तो श्रम करणाऱ्या माणसावरून ठरते, घडलेल्या वस्तूवरून नव्हे, असे प्रतिपादन केले. याचा अर्थ ती पाती आज टाकून द्यावीत असा आम्ही करीत नाही. पाते हातात घेताना त्याच्या तकतकीत पृष्ठभागात कोणाचे तरी श्वास खर्ची पडले आहेत हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

शेफील्डमध्ये भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या कारागिराला ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटा मेस्टर, म्हणत. हा शब्द आपल्या कानाला परका वाटू नये. आपला मेस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्र’वरून आला, त्यांचा मेस्टर इंग्रजी ‘मास्टर’चा बोलीतला अवतार, आणि दोघांचे मूळ लॅटिन ‘मॅजिस्तेर’, म्हणजे गुरू. या परंपरेतले स्टॅन शॉ १९४१ साली चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि नव्वदी गाठली तरी चाकू घडवीतच होते. त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. २०१७ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले, २०२१ साली ते वारले. त्यानंतर त्यांचे चाकू दुर्मीळ झाले आणि संग्राहकांच्या यादीत चढले. त्या वाढत्या किमतीतला एक पेनीही कोणा घडविणाऱ्याच्या हाती पडत नाही.

शेफील्डमध्ये आजही मोजक्या कार्यशाळांत घडीचे चाकू हाताने बनतात. अशा ठिकाणचा साधा नवा चाकू कागदात राहिलेल्या जुन्या नामांकित चाकूपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, आणि त्याचे पैसे जिवंत माणसाच्या घरी जातात. छंद असलेल्या तरुणांनी आम्हांला सल्ला विचारला तर आम्ही आधी तोच घ्यायला सांगू. त्याचे साधे पोलादी पाते पहिल्याच लिंबाने डागाळते, वर्षभरात करडे पडते, आणि धार लावून लावून हळूहळू अरुंद होत जाते.