दामाजीपंतांचे कोठार

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने दरबारी जाऊन त्या धान्याची किंमत भरली, ही कथा महिपतींच्या १७६२ मधील 'भक्तविजया'तून आणि कीर्तनांतून घरोघरी पोहोचली आहे. तिच्यातील इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा येथे प्रश्न नाही. दामाजीपंतांनी वाटलेले धान्य त्यांच्या घरचे नव्हते, सरकारी होते. तरीही ही कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. मग आपणच, सुशिक्षित आणि भाविक माणसे, रेशनच्या रांगेकडे पाहून 'लोकांना फुकट खाण्याची सवय लागली' असे कोणत्या तोंडाने म्हणतो?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ व शहरांतील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्येला स्वस्त धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत झाले. आपल्याला बोचतो तो धान्याचा खर्च नव्हे, 'हक्क' हा शब्द. दानात देणाऱ्याचा हात वर राहतो. हक्काने घेणाऱ्याला कोणापुढे वाकावे लागत नाही.

या नाराजीला धर्माचा आधार शोधावा, तर तोही मिळत नाही. गीतेचा सतरावा अध्याय सात्त्विक दानाला पात्राची अट घालतो हे खरे. पण ते परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून द्यावे, असेही सांगतो. इस्लाममध्ये जकात हे ऐपतदारावरचे बंधन आहे, आणि त्याच्या संपत्तीत याचकाचा व वंचिताचा हक्क मानला आहे. शिखांच्या लंगरात तर पंगतीला बसणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारत नाही.

मग दोष शिक्षणाचा म्हणावा काय? प्रस्तुत लेखक सरकारी महाविद्यालयात शिकला. फी नाममात्र होती. उरलेला भार सरकारी तिजोरीने सोसला. त्याला कोणी 'फुकट' म्हटले नाही, 'गुणवत्तेचे चीज' म्हटले. पदवीने आम्हांला पगारातून कापला जाणारा आयकर मोजायला शिकवले. साबणाच्या वडीमागे मजूर जो कर भरतो, तो मात्र आमच्या हिशेबात कधी आला नाही.

सरकारी मदतीला गळती लागते, अपात्र माणसेही रांगेत शिरतात, हे आक्षेप खोटे नाहीत. दामाजीपंतांच्या कथेतही हिशेब सुटत नाही. रक्कम भरली जाते, पावतीही मिळते. हिशेब जरूर मागावा, पण तो गरिबाच्या गव्हाइतकाच आपल्या पदवीचाही मागावा.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. किंमत भरायला निघालेल्या देवाने सावकाराचे रूप घेतले नाही, गावकुसाबाहेरच्या महाराचे घेतले. कोठार ज्यांच्या घामाने भरले होते, त्यांनी त्यातील दाण्याची किंमत आधीच चुकती केली होती. या कथेचा मला उमगलेला अर्थ हा असा आहे.