स्वावलंबनाचा निर्णय : परसबागेचा दृष्टांत

जो आपल्या गरजा आपण भागवितो तो स्वावलंबी, असे सामान्यतः मानले जाते. परसबाग हे त्याचे सुगम उदाहरण होय. न्हाणीचे पाणी अळवाच्या आळ्यात जाते, पालापाचोळ्याचे खत होते आणि वांगी, चवळी, पालक विकत आणावे लागत नाहीत. ग्रामीण भागात ‘उमेद’ अभियानाने बचत गटांतील स्त्रियांकरवी अशा बागांना चालना दिली आहे.

येथे अशी शंका येते की, ‘माझे मला पुरे’ असे म्हणणारा शेजाऱ्यापासून तुटतो. मग स्वावलंबन हा सद्गुण की अहंकाराचेच एक रूप? ह्याचा निर्णय बियाण्याकडे पाहून करावा.

उमरेडच्या भूमीत दोन प्रकारचे धन आहे. खाणीतील कोळसा एकदा जळला की संपला. शेजारच्या भिवापूरची मिरची मात्र, बी जपले तर, प्रतिवर्षी नवी होते. भौगोलिक मानांकन लाभलेला हा देशी वाणही अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांपुढे मागे पडला. संकरित रोपाचे बी धरले तर पुढील पीक तसेच उतरत नाही. म्हणून दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. भाजी घरची, पण बी बाजारचे; अशा बागेस स्वावलंबी म्हणता येत नाही.

तर मग देशी बी जपावे. परंतु त्यातही भेद आहे. वालाचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्याचे बी एक घर एकट्याने राखू शकते. भोपळ्यास कीटकांवाचून फळ धरत नाही आणि मिरचीतही परपरागण बरेच होते. मधमाशी कुंपण मानीत नाही. शेजारच्या परसात निराळा वाण असेल तर त्याचा पराग आपल्या बियात उतरतो. म्हणून मिरचीचा वाण शुद्ध राखावयाचा तर साऱ्या आळीने एकविचाराने लावणी करावी लागते.

दार्ष्टांतिक असे की, काही आचार मनुष्य एकटा पाळू शकतो. काही सांगातानेच पाळले जातात. शिवाय एकाच घरातील बी कीड, ओल वा दुष्काळाने एका वर्षात नष्ट होते. दहा घरी दिलेले बी कोठे तरी उरते व देणाऱ्याकडे परत येऊ शकते. येथे दान हेच रक्षण होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे ह्यांनी देशी वाण जपले ते इतरांच्या हाती देण्यासाठीच. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एवंच, अहंकाराचा दोष परसबागेकडे येत नाही, तो बी लपविणाऱ्याकडे येतो. गृहस्थाने मृगापूर्वी राखेतील बी काढताना आपल्या वाफ्याआधी शेजारघरची मूठ वेगळी काढावी.