प्रलय, प्रत आणि साक्षी

वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे ज्या ऋषीच्या नावाने देवालय उभे आहे, त्याने प्रलय पाहिल्याची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. चराचर बुडाल्यावर वटशाखेवरील बालकाच्या उदरात मार्कंडेयाला तेच विश्व अखंड नांदताना दिसते. तेथे विश्वाची प्रतही उरते आणि साक्षीही.

केवळ शब्दांतून उभ्या राहणाऱ्या, अनेकांनी मिळून खेळावयाच्या संगणकीय जगांत असा प्रलय नित्याचा असतो. पावेल कर्टिस यांनी १९९० च्या सुमारास घडविलेल्या लॅम्डामूची संहिता संगणकाच्या स्मृतीत चालते व ठरावीक काळाने डिस्कवर उतरविली जाते. सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की त्या प्रतीतील दालने, वस्तू, पात्रांची वर्णने परततात. सर्व्हर अकस्मात बंद पडल्यास मात्र मधल्या काळातील लेखन लोपते. आणि सहभागींमधील संवाद तर प्रतीत सहसा नसतोच.

मग परतलेले जग तेच म्हणावे काय? जेम्स अ‍ॅस्पनेस यांचे १९८९ मधील टायनीमड १९९० मध्ये बंद झाले. पुढे वर्षातून एक दिवस ते चालविण्याची प्रथा पडली. स्थळ परतले, समाज परतला नाही. यात्रा सरल्यावर देवालय उरते, यात्रा उरत नाही, तसेच हे.

येथे संहितेचे कर्ते अनेक असतात, थांबविणारा हात मात्र एकाचा. थांबविण्याची क्षमता म्हणजे थांबविण्याचा अधिकार नव्हे. पूर्वसूचना देणे आणि ज्याचे लेखन त्याच्या हाती सोपविणे, एवढे ऋण त्या हातावर राहतेच. कारण प्रत यंत्र राखू शकते, साक्षी राखण्याचे काम माणसाचे आहे.