बिनकामाच्या दिवसाचे काम

शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. ती बहुधा मजुरीभोवती फिरतात. तासभर राबणाऱ्याला दिवसभर राबणाऱ्याइतकाच दीनार का मिळाला, याच्या उलगड्यात सारा वेळ जातो आणि मत्तयाने नोंदविलेली एक साधी गोष्ट मागे पडते. धनी दिवसाच्या अखेरीस बाजारात गेला, तेव्हा ती माणसे तेथे उभी होती. कोणी आपल्याला कामावर लावले नाही, एवढेच त्यांनी सांगितले. दुपारीच घरी निघून जाण्यापासून त्यांना कोणी अडविले नव्हते. मग ऊन उतरेपर्यंत ती कोणत्या बळावर थांबली? आम्हांला हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाहून लहान वाटत नाही. कारण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत आज असेच कोणी उभे आहे. पदवी घेऊन दोन वर्षे झालेला मुलगा, आखातातून परतलेला बाप, पंचेचाळिसाव्या वर्षी कंपनीने ‘स्वेच्छानिवृत्ती’ पत्करायला लावलेला शेजारी.

या माणसांकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? जो काम करीत नाही त्याच्या अन्नाविषयी संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेले कठोर वाक्य आपल्याकडे फार सैलपणे फेकले जाते. पौलाचा रोख काम करण्याची इच्छा नसलेल्यांवर आहे, काम न मिळालेल्यांवर नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या परिपत्रकात बेकारी हे सर्व परिस्थितीत अनिष्टच मानले आणि त्याच्या निवारणाचा भार एकट्या बेकारावर न ठेवता समाजावर व शासनावरही ठेवला. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्या लेखनाचा गाभा. असे असेल तर काम गेल्याने माणूस उणा होत नाही. हे मान्य करायला आपण तयार असतो. पण सकाळी अकरा वाजता पायरीवर बसलेल्या तरुणाला पाहून आपल्या भुवया वर जातातच.

बेकारीत पैशाखेरीज काय हरवते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास ऑस्ट्रियात झाला. व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या वस्तीतील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड व हान्स त्सायझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. मोकळा वेळ मिळाल्यावर लोक अधिक वाचतील असे कोणालाही वाटावे. पण वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यातून हळू चालू लागले, वाटेत पुनःपुन्हा थांबू लागले. संध्याकाळी त्यांना विचारले तर दिवस कसा गेला ते सांगता येईना. बायकांचे तसे झाले नाही. चूल आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता. (आपल्याकडे नोकरी शोधणाऱ्या मुलीला कोणी बेकार म्हणत नाही, कारण भांडी तिची वाट पाहत असतात. अर्ज लिहायला तिला वेळ उरत नाही, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.)

वसईत पूर्वी शिकून घरी बसलेल्या मुलालाही वाडीला पाणी लावायला जावे लागे. ते त्याला आवडत नसे. पण दिवसाला सुरुवात आणि शेवट होता. आता बहुतेकांची वाडी राहिली नाही. तो आकार आता ज्याचा त्याने घडवावा लागतो. यात शिस्तीचा प्रश्न आहेच, परंतु त्याच्या मुळाशी आशेचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेचे फार नेमके विवेचन केले आहे. आपण ज्याची आशा धरतो ते चांगले असते, पुढे येणारे असते, कष्टसाध्य असते आणि तरीही शक्य असते. यांतले ‘कष्टसाध्य’ विसरला तो ‘देव देईल’ म्हणून स्वस्थ बसतो. ‘शक्य’ विसरला तो उठतच नाही. पहिल्याला थॉमस फाजील भरवसा म्हणतात, दुसऱ्याला निराशा, आणि दोन्ही आशेविरुद्धची पापे मानतात. नकाराच्या विसाव्या पत्रानंतर, किंवा मुळीच पत्र न येण्याच्या विसाव्या आठवड्यानंतर, ‘शक्य’ या शब्दावर नुसत्या मनाच्या बळाने विश्वास ठेवणे अवघड असते. तेथे वही उपयोगी पडते. कोणत्या तारखेला कोठे अर्ज केला, कोणाला भेटलो, काय उत्तर आले, पुन्हा केव्हा विचारायचे, हे तीत लिहावे. नोकरी लागणे हातात नाही. आठवड्यात पाच ठिकाणी जाणे हातात आहे. संध्याकाळी स्वतःचा हिशेब हातात असलेल्या गोष्टीचाच घ्यावा. सकाळचे ठराविक तास शोधाला द्यावेत, दाढी करून, बाहेरचे कपडे घालून बसावे, आणि दुपारी एखादी नवी गोष्ट शिकावी. हे कोणाला क्षुल्लक वाटेल, पण मठांतील घंटा याच अनुभवातून आली आहे. संत बेनेडिक्टने आपल्या साधूंचा दिवस प्रार्थना, श्रम आणि वाचन यांत वाटून दिला, तो उत्साहाच्या दिवसांसाठी नव्हे.

रविवारही पाळावा. ज्याला सारे दिवस सारखे, त्याला विश्रांतीचा हक्कच नाही असे वाटू लागते. मिस्सेनंतर ओळखीचे भेटतील म्हणून तो पहाटेची मिस्सा गाठून मागच्या दाराने निघून जातो. सहा दिवस शोधाचे श्रम केलेल्या माणसाचा सातवा दिवस इतरांच्याइतकाच कमावलेला आहे.

माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला आपल्यातील अनेक जण नोकरीसाठी जातात. तेथे आभाराची पत्रे वाचून दाखवतात, ती ऐकून बरे वाटते. ज्यांनी अजून आभाराचे पत्र लिहिलेले नाही आणि तरीही जे पुढच्या बुधवारी येतात, त्यांचा विश्वास आम्हांला अधिक विचार करायला लावतो.

दाखल्यातील धनीही पहाटेपासून पाच वेळा स्वतः बाजारात गेला होता. आपल्यातील ज्यांचे कारखाने, दुकाने, कचेऱ्या आहेत, त्यांनी दिवसातून एकदा तरी तिकडे जावे. ओळखीच्याच्या मुलाला चिकटवण्यासाठी नव्हे, तर जे कोणाच्याच ओळखीचे नाहीत ते पाहण्यासाठी. अर्जाला ‘नाही’ असे दोन ओळींचे उत्तर देणेही पुष्कळ आहे. त्या उत्तराने वहीतील एक रकाना बंद होतो आणि माणूस पुढच्याकडे वळतो.

घरच्यांना तर याहून थोडे करायचे आहे. जेवताना रोज ‘काही कळलं का?’ हा प्रश्न टाळता येतो. कळले असते तर त्याने चपला काढायच्या आधीच सांगितले असते. त्याऐवजी आईने उद्या कुठल्या गाडीने जायचे आहे आणि डबा किती वाजता हवा, एवढे विचारावे.